तेल, कायदा आणि ‘शक्यतो’

गेल्या महिन्यात आमचा पुतण्या दुचाकी फाटकापाशी लावून आत आला तो तक्रार करीतच आला. पूर्वी एका लिटरात गाडी जितकी जात असे तितकी आता जात नाही. पेट्रोलात पाचवा हिस्सा इथेनॉल, म्हणजे कारखान्यांत गाळलेले मद्यार्क, मिसळलेले असते. त्याचे हे सारे फळ, असे त्याचे म्हणणे. “काका, हे ठरविले कोणी? आणि मला कोणी विचारले?” असे त्याने आम्हांसच दरडावून विचारले. तो सांगतो तितकी तूट होत असेलच असे नाही. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालात दुचाकींच्या बाबतीत ती तीन-चार टक्के धरलेली आहे. परंतु इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे एकतृतीयांशाने कमी असते, हे खरे आहे. तेव्हा मुलाचा संताप अगदीच निराधार नव्हता. त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते: कोणीही विचारले नाही. पहिल्याचे उत्तर मात्र शोधण्यासारखे वाटले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्यापाशी वेळ पुष्कळ आहे, आणि कायद्याचा मजकूर मुळातून वाचण्याचा आम्हांस नाद आहे. आमच्या सौभाग्यवती ह्या नादास ‘बिनपगारी वकिली’ म्हणतात. असो.

तेलाचा वापर घटावा आणि स्वच्छ ऊर्जा वाढावी ह्या हेतूने निरनिराळ्या देशांत झालेले कायदे आम्ही ह्या निमित्ताने चाळले, आणि वाचता वाचता पाठशाळेत गुरुजींपाशी केलेल्या ‘अर्थसंग्रहा’ची आठवण झाली. मीमांसकांनी वेदवाक्यांचे जे वर्ग केले, त्यांत विधी आणि अर्थवाद असे दोन आहेत. अमुक करावे, असे ज्यात सांगितले तो विधी. ज्यात नुसती स्तुती किंवा निंदा केली तो अर्थवाद. अर्थवाद टाकाऊ नव्हे. स्तुतीने माणसाचे मन कर्माकडे वळते. परंतु ज्याला विधीचा आधार नाही अशा अर्थवादाने यज्ञकुंडात एक समिधाही पडत नाही. त्यातही विध्यर्थाचे क्रियापद मोठे फसवे. पाणिनीने ह्या एकाच रूपात आज्ञा, निमंत्रण, अनुज्ञा, सत्कारपूर्वक विनंती, विचारणा आणि प्रार्थना इतके अर्थ सामावलेले सांगितले आहेत. मराठीतील ‘करावे’चेही तेच. मुलाला ‘अभ्यास करावा’ म्हटले तर ती आज्ञा, आणि देवापुढे ‘कृपा करावी’ म्हटले तर ती प्रार्थना. कायदे करणारे लोक ह्या दोहोंमधल्या जागेत मोठ्या सोयीने वावरतात.

अमेरिकेचे उदाहरण प्रथम घेऊ, कारण ह्या प्रकारचे कायदे करण्याची हौस त्या देशास अर्धशतकापासून आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेस तेल देणे बंद केले. तीन डॉलरांच्या आसपास असलेले तेलाचे पीप १९७४ च्या जानेवारीत बारा डॉलरांच्या घरात गेले आणि पंपांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या. मग १९७५ च्या डिसेंबरात तेथील काँग्रेसने केलेल्या कायद्यावर अध्यक्ष फोर्ड ह्यांनी स्वाक्षरी केली. त्यात स्तुतीपर मजकूर होताच, परंतु एक वाक्य निखळ विधीचे होते. प्रत्येक कारखान्याच्या नव्या मोटारींची सरासरी धाव १९८५ पर्यंत गॅलनास २७.५ मैल झाली पाहिजे. आपल्या मापाने लिटरास साधारण पावणेबारा किलोमीटर. त्या वेळच्या सरासरीच्या हे जवळजवळ दुप्पट होते. आणि न झाल्यास? मैलाच्या प्रत्येक दहाव्या हिश्श्यामागे, विकलेल्या प्रत्येक मोटारीस पाच डॉलर दंड. म्हणजे कर्ता ठरला, क्रियापद ठरले, मुदत ठरली आणि कर्मलोपाचे प्रायश्चित्तही ठरले. १९८५ च्या सुमारास तो आकडा गाठलाही गेला. काही महागड्या मोटारींच्या कारखान्यांनी सुधारणा करण्यापेक्षा दंड भरणेच पत्करले, ही गोष्ट वेगळी. श्रीमंत यजमान प्रायश्चित्ताचे पैसे मोजून मोकळा होतो, हे आपल्याकडेही नवीन नाही.

पण त्या कायद्यास एक भोक राहिले होते, आणि ते व्याख्येत होते. प्रवासी मोटारीस एक नियम आणि हलक्या मालमोटारीस दुसरा, सैल नियम. शेतकऱ्याच्या व सुताराच्या गाडीस सवलत असावी, हा हेतू वाईट नव्हता. परंतु पुढे उंच, जड आणि बैठकदार अशा कुटुंबाच्या गाड्या निघाल्या, त्या व्याख्येने ‘हलक्या मालमोटारी’ ठरल्या, आणि शहरातील मंडळी मुलांना शाळेत सोडावयास त्यांतून जाऊ लागली. विधी जागच्या जागी राहिला. त्याचा विषयच त्याच्या खालून निघून गेला. प्रवासी मोटारींचा आकडा तर १९९० पासून २०१० पर्यंत त्याच २७.५ वर उभा होता.

२००७ च्या डिसेंबरात अध्यक्ष बुश ह्यांच्या स्वाक्षरीने दुसरा मोठा कायदा झाला. ‘ऊर्जेचे स्वातंत्र्य आणि सुरक्षितता’ असे त्याचे भारदस्त नाव. मोटारींचा आकडा २०२० पर्यंत ३५ मैलांवर न्यावा, असे त्यात ठरले. शिवाय २०२२ पर्यंत वर्षास ३६ अब्ज गॅलन वनस्पतिजन्य इंधन वापरले गेले पाहिजे, आणि त्यातील १६ अब्ज गॅलन मक्याच्या दाण्यापासून नव्हे, तर गवत, भुसा, ताटे अशा काष्ठमय द्रव्यापासून काढलेले असावे, असेही होते. येथे क्रियापद खणखणीत होते. मुदती वर्षवार लिहिलेल्या होत्या. उणीव एकच होती: ते इंधन अस्तित्वात नव्हते. प्रयोगशाळेत निघत होते, कारखान्यात निघत नव्हते. २०१० साली १० कोटी गॅलन हवे असे कायद्यात लिहिलेले. पर्यावरण खात्याने ते ६५ लाखांवर आणले. प्रत्यक्षात हाती काही आले नाही. २०१२ साठी खात्याने ८६ लाखांहून अधिक गॅलनांचे अनुमान बांधले. झाले ते वीस हजारांच्या आसपास. आणि तेल शुद्ध करणाऱ्या कंपन्यांनी न मिळणारे इंधन घेतले नाही, म्हणून त्यांस त्याच्या बदली पैसे भरावयास सांगण्यात आले! अखेर २०१३ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने खात्याचे ते अनुमान रद्द केले. जे घडेल त्याचा अंदाज सांगा, जे घडावेसे वाटते त्याचा नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. आमच्या मते हे न्यायाधीश मीमांसक शोभले असते. सोमवल्लीच उपलब्ध नसताना सोमयाग करा म्हणून यजमानास कोंडीत पकडण्यात काय अर्थ? आपल्या शास्त्रकारांनी निदान सोमाच्या जागी पूतिक वनस्पती चालेल असे सांगून ठेवले आहे.

त्या देशाचे तेलावरील परावलंबन पुढे कमी झाले, इतकेच नव्हे तर २०२० साली त्याची एकूण तेलनिर्यात आयातीहून अधिक झाली. पण ह्याचे मुख्य श्रेय कायद्यास देणे अप्रामाणिकपणाचे होईल. खडकाच्या थरांत अडकलेले तेल पाण्याच्या दाबाने फोडून काढण्याची विद्या तेथे साधली, हे त्याचे मोठे कारण. तेल वाचले त्यापेक्षा तेल सापडले अधिक. मोटारी सुधारल्याने जे वाचले ते वाचलेच. परंतु ‘परावलंबन घटले’ आणि ‘स्वच्छता वाढली’ ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि कायद्यांच्या प्रस्तावनांत त्या नेहमी हातात हात घालून येतात, म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता ह्या कथेचा ताजा अध्याय. ४ जुलै २०२५ रोजी तेथे एका अवाढव्य अर्थविषयक कायद्यावर स्वाक्षरी झाली. त्याच्या शेकडो पानांत एक लहानसे कलम आहे. त्याने मोटारींच्या धावेचा नियम रद्द केलेला नाही. फक्त नियम मोडल्यास द्यावयाचा दंड शून्य डॉलर केला. १९७५ चे वाक्य पुस्तकात आहे तसेच राहिले आणि एका शून्याने त्याचा अर्थवाद झाला. आम्ही अडतीस वर्षे शिकविले. वर्गाच्या भिंतीवर ‘उशिरा येऊ नये’ अशी पाटी ठेवून फाटक दिवसभर उघडे टाकणारे मुख्याध्यापकही आम्ही पाहिले आहेत. परंतु असा व्याकरणशुद्ध प्रकार पाहिला नव्हता.

परक्यांची उणीदुणी काढणे सोपे असते. आपल्याकडे वळू.

२०१५ च्या मार्चमध्ये दिल्लीतील एका ऊर्जापरिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केले की, आपली तेलाची आयात तेव्हाच्या सुमारे ७७ टक्क्यांवरून स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवापर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, दहा टक्क्यांनी खाली आणावी. तो कायदा नव्हता, उद्दिष्ट होते. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण सुमारे ८८ टक्के होते. देशातील विहिरी जुन्या होत चालल्या आणि गाड्या वाढल्या, ह्यास कोणी एक मनुष्य जबाबदार नाही. उद्दिष्ट शुभ होते. पण ते कोणी, कशाने आणि न साधल्यास काय, ह्यांतील एकही पद त्या वाक्यात नव्हते.

इथेनॉलची हकिकत मात्र निराळी आणि अधिक मनोरंजक आहे. २००३ च्या जानेवारीत महाराष्ट्र धरून नऊ राज्यांत पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा आदेश निघाला. आदेश होता, ऊस होता, कारखाने होते. तरी दहा वर्षांनी, २०१३-१४ मध्ये, मिश्रणाचे प्रमाण देशभरात दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळत होते. नंतर असे काय झाले की, २०२२ च्या जूनमध्ये ते दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के झाले? आज्ञा कडक झाली हे एक. अत्यावश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्याखालील अधिसूचनेत तेलकंपन्या वीस टक्क्यांपर्यंत मिश्रण ‘विकतील’, असे स्पष्ट भविष्यकाळी क्रियापद २०२१ साली आले. पुतण्यास आम्ही हेच दाखविले. परंतु खरा फरक पडला तो दराने. २०१४ पासून सरकारने इथेनॉलचा खरेदीदर ठरवून दिला. २०१८ पासून मळीचे, अर्धवट साखर काढलेल्या मळीचे आणि थेट रसाचे असे वेगवेगळे दर लावले. कर अठरावरून पाच टक्क्यांवर आणला. भट्ट्या उभारण्यास घेतलेल्या कर्जावरील व्याजात साहाय्य दिले. अमेरिकेने प्रायश्चित्त ठरविले होते. आपण दक्षिणा ठरविली. आणि दक्षिणा रोख मिळते असे दिसताच ऋत्विजांची वाण पडली नाही.

येथे थांबून टाळी वाजवावी, असे वाटते खरे. परंतु उसाचे पाणी मधे येते. नीती आयोगाच्या ज्या अहवालाचा उल्लेख वर केला, त्यातच एक लिटर इथेनॉलच्या मागे उसास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे म्हटले आहे. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, महाराष्ट्र आणि कर्नाटक येथील ऊस वाळू लागला, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. आठ दिवसांत ती थोडी सैल केली, आणि पुढल्या हंगामासाठी २०२४ च्या ऑगस्टात उठविली. ज्यांनी कर्ज काढून भट्ट्या उभारल्या त्यांची ह्या काळात काय अवस्था झाली असेल, ते कारखान्याच्या गावी राहणारे वाचक आमच्याहून चांगले जाणतात. तेलाचे परावलंबन कमी करावयास निघालेला मनुष्य पावसाच्या दारी जाऊन उभा राहिला. आता मका आणि तांदूळ ह्यांपासूनही इथेनॉल होते, त्यामुळे ही टांगती तलवार थोडी दूर गेली. पण कोंबडीच्या खाद्यातला मका आणि मोटारीतला मका एकाच शेतात पिकतो.

ह्या सर्वांत आम्हांस सर्वांत नीट लिहिलेला वाटला तो ऊर्जा संवर्धन अधिनियमाचा २०२२ सालचा सुधारलेला मजकूर. मूळ अधिनियम २००१ चा. सुधारणेने केंद्र सरकारास असा अधिकार दिला की, मोठ्या वापरदारांनी आपल्या ऊर्जेपैकी किमान किती हिस्सा कोळसा-तेलाखेरीज अन्य साधनांचा घ्यावा, हे त्यास ठरविता येईल. ‘ठरविता येईल’, ‘ठरवील’ नव्हे. हे पाहून आम्ही प्रथम पेन्सिलीने समासात रेघ ओढली. परंतु २०२३ च्या ऑक्टोबरात अधिसूचना निघाली आणि त्या रिकाम्या क्रियापदात आकडे आले. वीज वितरण कंपन्या आणि इतर ठरीव वापरदारांनी आपल्या विजेतील अक्षय्य ऊर्जेचा हिस्सा २०२४-२५ मधील २९.९१ टक्क्यांवरून २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांवर न्यावयाचा आहे. समासातली रेघ आम्ही खोडून टाकली. आणखी मौज म्हणजे, मोटारींच्या इंधनखर्चाची मर्यादा ओलांडणाऱ्या कारखान्यास ह्याच सुधारणेने जादा दंड लावला: शंभर किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत अधिक जळत असेल तर विकलेल्या गाडीमागे २५,००० रुपये, त्याहून अधिक असेल तर ५०,०००. अमेरिकेने ज्या ठिकाणी शून्य लिहिले, त्या ठिकाणी आपण तीन वर्षे आधी आकडा लिहून ठेवला आहे. तो वसूल व्हावयास हवा, हे वेगळे सांगणे नलगे.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, एवढा खटाटोप कशास, घराघरांवर सूर्याचे पत्रे बसविले की तेल वाचेल. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. आपल्या देशात विजेचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कोळशापासून होतो. तेलापासून जवळजवळ नाहीच. गच्चीवरील पत्र्याने कोळसा वाचतो. तेल वाचावयाचे तर त्या विजेवर गाडी चालली पाहिजे. अध्यक्ष कार्टर ह्यांनी १९७९ साली आपल्या शासकीय निवासस्थानी ३२ सौरपत्रे बसविले ते तर पाणी तापविण्याचे होते. १९८६ साली छपराच्या दुरुस्तीच्या वेळी ते उतरविले ते पुन्हा चढविले नाहीत.

पत्रे आणि गाडी ह्यांची ही सांगड आम्हांस पुस्तकातून कळली नाही. ती जिन्यात कळली, आणि त्यात दोष आमचा आहे.

आम्ही राहतो त्या सहकारी गृहरचना संस्थेचे चिटणीसपद दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारची घरगुती सौर विजेची योजना सुरू झाली होती, आणि तीत अशा संस्थांना सामाईक वापराच्या विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये साहाय्य ठरविलेले होते. वार्षिक सभेत विषय निघाला. गच्चीवर पत्रे बसवावे, त्यांतून पंप, दिवे, उद्वाहन चालवावे, आणि खाली विजेच्या गाड्या भरण्यासाठी वेगळ्या मीटरची एक जोडणी द्यावी, असे तरुण मंडळींचे म्हणणे. गाडी नसलेल्यांनी खर्च का सोसावा, असे इतरांचे. आवाज चढू लागले. आम्हांस भांडणाचा मनापासून तिटकारा आहे. आम्ही तेथल्या तेथे ठरावाचा मसुदा केला: ‘सौर वीज व वाहनभरणीची सोय शक्यतो लवकर करण्यात यावी.’ कर्मणी प्रयोग, म्हणजे कर्ता गुप्त. विध्यर्थ, म्हणजे आज्ञा की प्रार्थना ते गुप्त. आणि वर ‘शक्यतो’. ठराव एकमताने मंजूर झाला. होणारच होता.

तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याचा तिचा व्यवसाय. दिवसाकाठी पाच-सहा घरे. ती शाळेत आमचीच विद्यार्थिनी होती. तिने तो ठराव वाचला, त्यावर विश्वास ठेवून पेट्रोलची गाडी विकली आणि विजेची घेतली. खाली जोडणी नाही, म्हणून रोज रात्री गाडीची बॅटरी काढून ती तीन मजले वर नेते आणि सकाळी खाली आणते. वजन दहा किलोंच्या आसपास आहे, आणि आमचे उद्वाहन किती दिवस चालू असते ते आम्ही येथे सांगत नाही. मागच्या पंधरवड्यात ती आम्हांस जिन्यात भेटली. बॅटरी पायरीवर टेकवून ती म्हणाली, “सर, निबंधात ‘शक्यतो’ आले की तुम्ही तांबडी रेघ मारीत होतात.” ती रागावली नव्हती; हसतच म्हणाली. आम्ही त्या रात्री अमेरिकेचा कायदा मिटून ठेवला आणि संस्थेचे इतिवृत्त काढले.

नवा मसुदा असा आहे. चिटणीस येत्या ३१ मार्चपर्यंत वाहनभरणीची जोडणी वेगळ्या मीटरसह करून घेतील. विजेचे पैसे वापरणारा भरील. गच्चीवरील पत्र्यांसाठीचा अर्ज चिटणीस त्याच मुदतीत दाखल करतील. आणि जोडणी होईपर्यंत सदर बॅटरी रोज रात्री वर आणि सकाळी खाली कार्यकारी मंडळाचे सदस्य आळीपाळीने नेतील, आरंभ चिटणिसांपासून. गुडघ्यांच्या वैद्यांना अद्याप विचारलेले नाही.

सभा येत्या रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवर आहे. खजिनदारांनी मसुदा वाचून एकच दुरुस्ती सुचविली. शेवटच्या कलमात ‘नेतील’च्या आधी ‘शक्यतो’ घालावे, असे त्यांचे म्हणणे आहे. ती दुरुस्ती आम्ही स्वीकारलेली नाही.